गच्चीवरचं गवत

बांबू हे गवत आहे, हे मला माहीत नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. माणसाने थोडं अज्ञानी असावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. निदान कचेरीच्या खिडकीसमोर उभं असताना तरी असावं.

सुरुवात झाली आमच्या जेवणाच्या टेबलावर. या टेबलावर जेवण कमी आणि शिवण जास्त असतं, कारण आमची ही पडदे शिवते. नऊ वर्षं तिचं मशीन टेबलाच्या डोक्याच्या बाजूला ठाण मांडून आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाने तिथे बसायचं असतं म्हणतात. आमच्याकडे कर्ता पुरुष कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो आणि पानात टाचणी सापडली तर ती पुसून डबीत टाकतो. तक्रार करायची पद्धत नाही.

तर एके दिवशी हिला एका नव्या इस्पितळाचे एकशे चाळीस पडदे शिवायचं काम मिळालं. दोन महिन्यांनी, एक तारखेला, कापडाचे तागे घरी येऊन पडणार होते. एवढे तागे घरात ठेवायचे तर आम्हाला बाहेर राहावं लागलं असतं. म्हणून तिने बाजारातल्या बोळात, किल्लीवाल्याच्या शेजारी, एक गाळा पाहून ठेवला होता. टेप लावून मोजूनसुद्धा आली होती.

माझे सासरे आमच्याकडेच राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी इमारतींचे स्लॅब ओतले. अजूनही कुणाच्या घरी गेले की यजमानांकडे बघायच्या आधी ते छताकडे बघतात. ते म्हणाले, "गाळा कशाला? गच्चीवर एक खोली काढता आली असती. पण काढणार कोण?"

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीला दोन भोकं आहेत. सहा वर्षांपूर्वी मी तिथे एक फळी ठोकली होती, आणि सासऱ्यांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं काचेचं स्मृतिचिन्ह त्यांनी मोठ्या विश्वासाने त्या फळीवर ठेवलं होतं. फळी संध्याकाळपर्यंत टिकली. त्यावर सासरे आजवर एक शब्द बोललेले नाहीत. माझा विषय निघाला की ते फक्त भोकांकडे बघतात.

मी म्हणालो, "मी काढतो खोली."

हिने घास खाली ठेवला. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय. एक तारखेच्या आत."

तिने त्याच बैठकीत, माझ्यादेखत, गाळ्याच्या मालकाला फोन करून "नको" म्हणून सांगितलं. फळीचा इतिहास ठाऊक असूनही सांगितलं. 

आता बांबूच का, ते सांगतो. मी विमा कचेरीत काम करतो. आमच्याकडे वर्षातून एकदा पर्यावरणावर व्याख्यान असतं आणि हजेरी सक्तीची असते. त्या वर्षीच्या वक्त्याने बांबूने घरं कशी बांधतात ते सांगितलं. झाड वाढायला तीस वर्षं, बांबू तीन-चार वर्षांत तयार. तोडला तरी मुळापासून पुन्हा येतो. वजनाला हलका, ताकदीला लोखंडाच्या तोडीचा, आणि सिमेंटच्या भट्टीसारखा धूरही नाही. मी भारावून गेलो. इतका भारावलो की त्या भरात मला झोप लागली, त्यामुळे व्याख्यानाचा उत्तरार्ध ऐकता आला नाही. बांबूच्या बाबतीत काय करू नये हे सगळं उत्तरार्धात होतं, असं मला पुढे कळलं.

घरी जाहीर केल्यावर सासरे एवढंच म्हणाले, "काठ्यांची खोली." मग ते बराच वेळ भोकांकडे बघत बसले.

आमची इमारत तीन मजल्यांची. आम्ही सगळ्यात वर, आणि गच्ची आमच्याच घराला लागून. बातमी जिन्याने खाली गेली आणि सल्ले जिन्याने वर आले. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले की बांबूला साप येतात. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, साप नाही, उंदीर येतात. साप आले तर उंदीर राहणार नाहीत, असं मी त्यांना समजावलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी सांगितलं की बांबूला कितीतरी वर्षांनी एकदाच फूल येतं आणि मग तो मरतो. ते ऐकून मी दोन दिवस उदास होतो. आमच्या खालच्या मजल्यावर इमारतीचे सचिव राहतात. त्यांनी सल्ला दिला नाही. त्यांनी वही काढली, तारीख घातली आणि "ऐकण्यात आले की" अशी सुरुवात करून काहीतरी लिहून घेतलं.

परवानगी हवी होती, म्हणून मी पालिकेत गेलो. बांधकाम खात्याच्या खिडकीत एक अत्यंत सज्जन कारकून होता. त्याने माझा अर्ज स्वतःच भरायला घेतला. लांबी, रुंदी, उंची झाली. मग त्याने विचारलं, "साहित्य?"

मी म्हणालो, "बांबू."

छापील अर्जात वीट, दगड, काँक्रीट, लोखंड आणि लाकूड असे पाच चौकोन होते. त्याने क्षणभर विचार केला आणि लाकडाच्या चौकोनावर पेन टेकवलं. बरोबर-चूक सोडा, काम झालं होतं. शिक्का त्याच्या हाताशी होता. कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मला व्याख्यानाचा पूर्वार्ध आठवला.

"लाकूड नाही हो," मी हसून म्हणालो. "बांबू शास्त्रीयदृष्ट्या गवत आहे."

त्याने पेन उचललं. "गवत?"

"गवत. आपल्या लॉनवर असतं त्याच कुळातलं."

"मग आमच्याकडे कशाला आलात?" तो म्हणाला आणि त्याने अर्ज परत दिला. "गवत उद्यान खात्याकडे. मागच्या बाजूला, जिन्याखाली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्याला बरंच समजावलं की ते लाकूडच आहे, मी थट्टा करत होतो. पण शास्त्रीय सत्य एकदा कानावर पडल्यावर त्याला खोटं लिहिवेना.

जिन्याखाली उद्यान अधीक्षक नावाचे गृहस्थ एका खुर्चीवर, आठ कुंड्यांच्या मध्ये बसले होते. त्यांच्याकडे अकरा महिन्यांत कुणी आलेलं नव्हतं. मी दिसल्यावर ते उभे राहिले, त्यांनी माझ्यासाठी स्वतः चहा आणला आणि माणसं गच्चीवर गवत लावू इच्छितात हे पाहून त्यांनी माझा हात हातात घेतला. मी खोलीचं सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "गवतात बसायला कुणाचीच बंदी नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने परवाना लिहिला. गच्चीवर गवत लावण्यास हरकत नाही. अट अशी, की सदर गवत मातीत लावलेलं असावं, त्याला रोज पाणी घालावं, आणि तपासणीच्या वेळी ते जिवंत असावं. जिवंत गवतास इजा केल्यास दंड.

घरी आल्यावर हिने विचारलं, "मिळाली परवानगी?" मी म्हणालो, मिळाली. खोटं नव्हतं. कागद दाखवला आणि दाखवताना 'गवत' या शब्दावर अंगठा ठेवला. शब्द तीनदा आला होता, पण मला अंगठे दोन होते, म्हणून कागद जरा लवकर घडी केला.

अट पाळायची तर कोपऱ्यातले चार खांब मातीत हवे. मी चार पत्र्याची पिंपं आणली, ती मातीने भरली आणि बाजारातल्या शिडीवाल्याला गाठलं. बांबूचा माल त्याचा आणि कामही त्याचंच. आयुष्यभर त्याने शिड्या केल्या होत्या. मी खोलीचं चित्र काढून दाखवलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "पायऱ्या किती?" मी म्हणालो, पायऱ्या नाहीत, भिंती आहेत. तो म्हणाला, "बघू."

माल आला. सोळा-सोळा फुटांचे तीस बारीक बांबू आणि खांबांसाठी चार जाडजूड. ते जिन्यात वळेनात, म्हणून बाहेरून दोर लावून वर ओढायचं ठरलं. वर शिडीवाला आणि मी, खाली रस्त्यावर सल्ला देणारे अकरा जण. बारीक बांबू सुरळीत वर आले. जाड चारांची मोळी शेवटी बांधली. ती अर्ध्यावर आल्यावर कलली आणि तिचं टोक सचिवांच्या खिडकीतून आत गेलं. सचिव आत दाढी करत होते. त्यांनी अर्ध्या गालाला फेस असताना ते टोक दोन्ही हातांनी पकडलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

मी वरून म्हणालो, "आमचं."

"मग लेखी द्या."

बांबू सोडा म्हणून मी विनवण्या केल्या, पण लेखी मिळाल्याशिवाय ते सोडायला तयार नव्हते. दोर शिडीवाल्याच्या हातात देऊन मी घरात गेलो आणि दिलगिरीचा अर्ज लिहून खाली नेऊन दिला. तो त्यांनी वाचला, त्यातली एक चूक दाखवली, आणि 'पोचला' अशी सही करायला दोन्ही हात बांबूवरून काढले. शिडीवाल्याला याची पूर्वसूचना नव्हती. मोळी खाली गेली. कुणाला लागलं नाही, पण 'आवारात सामान टाकू नये' ही पाटी मोडली आणि चारही खांब उभे चिरले. सही मात्र अर्जावर व्यवस्थित आहे.

चार नवे खांब आणतो म्हणून शिडीवाला गेला. जाताना त्याने सांगितलं की तोवर बारीक बांबू टाकणखाराच्या पाण्यात दहा दिवस बुडवून ठेवा, नाहीतर वर्षात भुंगा खाऊन टाकेल. हे बहुधा उत्तरार्धात होतं. सोळा फुटांचे बांबू बुडवायचे कशात? आमच्या घरात पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांब बोळ आहे. मी त्यात दोन्ही बाजूंना विटा लावल्या, प्लास्टिक अंथरलं, पाणी भरलं, टाकणखार ओतला आणि बांबू निजवले. बोळ साडेपंधरा फुटांचा निघाला. त्यामुळे दहा दिवस आमचं पुढचं दार अर्धा फूट उघडं राहिलं आणि बांबूंची टोकं जिन्यात डोकावत राहिली. दूधवाला सकाळी पिशव्या त्यांना अडकवून जाऊ लागला.

घरात राहायचं म्हणजे उड्या मारणं आलं. ही हातात कापडाचा गठ्ठा घेऊन उडी मारायची आणि पलीकडे गेल्यावर मागे वळून माझ्याकडे एकदा बघायची. सासरे रोज सकाळी काठावर उभे राहून त्या पाण्याकडे बघत म्हणायचे, "आमच्या वेळी याला गळती म्हणायचे." सातव्या दिवशी प्लास्टिकला भोक पडलं आणि त्यांचं म्हणणं खरं झालं. पाणी खाली सचिवांच्या वहीवर ठिबकलं. जागा तरी कुठली निवडावी पाण्याने.

त्या संध्याकाळी ही म्हणाली, "आता बास. उद्या हा बोळ मला कोरडा हवा." बोळ कोरडा झाला. दुसऱ्या दिवशी शिडीवाला नवे चार खांब घेऊन आला. हिरवेगार होते. "आज पहाटेच तोडलेत," तो अभिमानाने म्हणाला. हे पण बुडवायचे का, असं विचारायला मी तोंड उघडलं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि खांब तसेच ओले-हिरवे पिंपांत उभे केले.

परवान्यातल्या अटीप्रमाणे मी रोज त्यांना तांब्याभर पाणी घालू लागलो. तिसऱ्या दिवशी सासरे गच्चीवर आले. काठीला पाणी घालणारा जावई बघून ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. उलट त्यांना माझ्या पाणी घालण्यात चूक दिसली.

"असं नाही पाणी मारत," ते म्हणाले. "उभं केलेलं काहीही असो, एकवीस दिवस पाणी मारायचं. सकाळी आणि संध्याकाळी. वरपासून खालपर्यंत. द्या तो तांब्या."

काँक्रीटला पाणी मारतात हे मला माहीत होतं. बांबूला मारत नाहीत हेही साधारण माहीत होतं. पण पस्तीस वर्षांची सवय म्हणजे सवय. पोत्याचे तुकडे आणून त्यांनी ते चारही काठ्यांना गुंडाळले, नळी लावली, आणि सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून पाणी मारू लागले. काठ्या म्हणत होते, पण पाणी मारत होते. एकदा त्यांनी एका काठीला लाथ मारून पाहिली. ती हलली नाही, तेव्हा ते जरा नाराज झाल्यासारखे वाटले.

बाकी काम शिडीवाल्याने केलं. आडवे-उभे बांबू बांधून त्याने तिन्ही बाजूंना भिंती घातल्या, चौथ्या बाजूला दार ठेवलं, आणि वर चटईचं छप्पर घालून त्यावर ताडपत्री टाकली. भिंतीतले आडवे बांबू बरोबर एकेक फुटावर होते. लांबून पाहिलं तर तीन रुंद शिड्या छप्पर डोक्यावर घेऊन उभ्या आहेत असं दिसायचं. मी तसं म्हणालो तर तो म्हणाला, "वर चढायला बरं पडेल." सचिवांच्या मांजरीला ते पहिल्या दिवसापासूनच बरं पडलं.

पण खोली झाली होती. ऊन आडव्या फटींतून आत यायचं, वारा यायचा, आणि उन्हात बांबूचा गोडसर वास सुटायचा. ही आत जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून तिने स्वतःभोवती एक गिरकी घेतली. नऊ वर्षांत तिला घरात हात पसरता आले नव्हते. तिने टेप काढला, मशीन कुठे, तागे कुठे, कातरायचं टेबल कुठे, याच्या खडूने खुणा केल्या. एक तारखेला नऊ दिवस होते. मी फार खूश होतो. घोडं गंगेत न्हालं, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बांधकाम निरीक्षक आले. सचिवांच्या वहीची नक्कल त्यांच्या हातात होती. त्यांनी गच्चीवर एक नजर टाकली आणि विचारलं, "ही खोली कुणाच्या परवानगीने?"

मी परवाना काढून दिला. या वेळी अंगठे ठेवून उपयोग नव्हता. त्यांनी तो मोठ्याने वाचला. ही शेजारी उभी होती. सासरे हातात नळी घेऊन उभे होते. 'गवत' हा शब्द तीनदा ऐकू आला.

"हे गवत आहे?" निरीक्षकांनी खोलीकडे बोट दाखवलं.

"शास्त्रीयदृष्ट्या," मी म्हणालो.

ते म्हणाले, परवान्यात गवत जिवंत असावं असं आहे. तेव्हा शुक्रवारी उद्यान अधीक्षकांना घेऊन येतो. गवत जिवंत निघालं तर आमच्या खात्याचा संबंध नाही. मेलेलं निघालं तर ते बांधकाम, आणि बांधकाम त्याच दिवशी पाडणार. ताडपत्री आणि चटई आधी उचलून ठेवा, म्हणजे नुकसान होणार नाही. माणूस तसा विचारी होता.

ते गेल्यावर मी हिच्याकडे बघायचं टाळलं. मग न राहवून बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो. मला वाटलं होऊन जाईल."

तिने किल्लीवाल्याच्या शेजारचा गाळा अजून रिकामा आहे का ते फोन करून विचारलं. गाळा किल्लीवाल्यानेच घेतला होता. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "असू दे. टेबलावरच शिवीन." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खडूच्या खुणा पुसायला वाकली, तेव्हा मला माझी खरोखर लाज वाटली. फळी पडली तेव्हा काच फुटली होती. या वेळी त्याहून जास्त काही फुटणार होतं, आणि तेही मीच ठोकलेलं.

सासऱ्यांनी भोकांकडे पाहिलं नाही. ते खाली मान घालून पाणी मारत राहिले. मी त्यांना म्हणालो की बाबा, आता कशाला. ते म्हणाले, "एकवीस दिवस व्हायचेत अजून."

शुक्रवारी सगळे गच्चीवर जमले. निरीक्षक, अधीक्षक, वही घेऊन सचिव, आणि तोडायचं काम निघालंच तर करायला म्हणून निरीक्षकांनी बोलावलेला शिडीवाला. बांधणाराही तोच आणि तोडणाराही तोच. त्याला बिचाऱ्याला दोन्हीत काही गैर वाटत नव्हतं.

निरीक्षकांनी भिंतीतला एक बांबू बोटाने वाजवून पाहिला. खडखडीत वाळलेला. दुसरा वाजवला, तिसरा वाजवला. मग ते अधीक्षकांकडे वळले. अधीक्षकांचा चेहरा उतरला होता. अकरा महिन्यांनी आलेला त्यांचा एकुलता एक अर्जदार खोटा निघत होता. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला त्यांचा तो चहा आठवला.

"साहेब, एकही हिरवं पान नाही," निरीक्षक म्हणाले. "लिहा, मृत."

अधीक्षकांनी पेन उघडलं. आणि इतका वेळ नळी घेऊन उभे असलेले सासरे घसा खाकरून म्हणाले, "थांबा. मला एक कबुली द्यायची आहे."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सगळ्यांसमोर उघडला. आत बोटाएवढे कोवळे हिरवे कोंब होते. चांगले मूठभर.

"आठ दिवस झाले," ते मान खाली घालून म्हणाले. "पोत्याखाली त्या काठ्यांना काहीतरी फुटतंय. मी पस्तीस वर्षं काम केलं, उभ्या केलेल्या कामाला असं काही फुटलेलं कधी पाहिलं नाही. मला वाटलं, मालात खोट आहे. लोकांना कळलं तर जावयाची अब्रू जाईल. म्हणून रोज पहाटे कुणी उठायच्या आत मी ते मोडून टाकत होतो."

मी सासऱ्यांकडे बघत राहिलो. सहा वर्षं ज्या माणसाने माझ्यासमोर फक्त भोकांकडे पाहिलं, तो रोज पहाटे उठून माझी अब्रू खुडून खिशात ठेवत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला काही वाटत नाही.

अधीक्षक तोवर धावत खांबांपाशी गेले होते. त्यांनी पोती सोडली. तीन खांब हिरवेगार होते, प्रत्येक पेरावर मोडलेल्या कोंबांच्या खुणा. चौथ्या खांबावर, सासऱ्यांचा हात पोचला नव्हता तिथे, वर छपराला लागून, वीतभर फांदी आली होती आणि तिला पाच पानं होती. बुडवलेले बांबू वाळून गेले होते. बोळ कोरडा करायचा म्हणून न बुडवलेले हे चार, रोज दोन वेळा पाणी पिऊन जगले होते.

अधीक्षकांनी त्या पाच पानांना हात लावला आणि मग ते एकदम अधिकारी झाले. "गवत जिवंत आहे," ते म्हणाले. "लिहून घ्या. आणि यापुढे याची एक काडीसुद्धा कुणी मोडली तर दंड." मग सासऱ्यांकडे वळून त्यांनी त्यांना तोंडी ताकीद दिली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत सासऱ्यांना कधी ताकीद मिळाली नव्हती. त्यांनी ती नम्रपणे स्वीकारली.

निरीक्षकांनी शेवटचा प्रयत्न म्हणून भिंती तेवढ्या काढायच्या का, असं विचारलं. अधीक्षक म्हणाले, भिंती खांबांना बांधलेल्या आहेत, सोडताना गवताला इजा होईल. सचिवांनी हे सगळं लिहून घेतलं, आणि शेवटी खाली सही करायला अधीक्षकांचंच पेन मागितलं. शिडीवाला म्हणाला, मग मी जाऊ का. त्याला चहा पाजून पाठवलं.

एक तारखेला तागे आले. मशीन गच्चीवर गेलं. आता मी टेबलाच्या डोक्याच्या बाजूला बसतो. तिथून सगळं टेबल दिसतं. त्याचा उपयोग काय ते अजून लक्षात आलेलं नाही.

एकशे चाळिसातला शेवटचा पडदा संपला त्या दिवशी मी हिला म्हणालो, रिळं ठेवायला इथे एक फळी हवी, मी ठोकून देतो. बोललो आणि जीभ चावली. ती हसली. म्हणाली, "खिळा ठोकलात तर दंड होईल." आणि तिने कात्री चौथ्या खांबाच्या फांदीला अडकवली. फांदी आता हातभर झाली होती. टेपही तिलाच लटकत होता. मी जपून फांदी हलवून पाहिली. ती पडणारी नव्हती.

तेवढ्यात सासरे नळी घेऊन आले. एकवीस दिवस कधीच उलटून गेले होते. मी नेमका त्यांच्या वाटेत उभा होतो.

"सरका जरा, जावईबापू," ते म्हणाले. "तुमच्या खांबांना पाणी घालू द्या."

खांब म्हणाले. मी सरकलो.